तिसरं यंत्र

दर गुरुवारी बरोबर बारा वाजता सेतु सर चालू सर्व्हरची वीज तोडतात. चुकून नाही. ठरवून, हसत, स्वतःच्या हातानं वायर ओढून.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडलोच. उदगीरहून लांब तमिळ मुलखात, सिरुसेरीतल्या एका कंपनीत सहा महिने शिकायला आलो होतो. वडील शिलाईकाम करतात. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. वाटलं, झालं, आळ आता माझ्यावर येणार.

"ओरडू नको रे," सर म्हणाले. "पडद्यावर बघ."

एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात वीसेक आभासी यंत्रं चालत असतात. तो पडला की ती शेजारच्या सर्व्हरवर आपोआप पुन्हा उभी राहतात. तोवर काम त्यांच्या जोडीदार यंत्रांकडे वळतं. पडद्यावर एक खूण लाल झाली, दुसरीवरचा भार वाढला, आणि मजल्यावर कुणी मानही वर केली नाही.

"सुटीच्या दिवशी पाडलं तर परीक्षा कसली? लोक कामात असताना पाडायचं," सर म्हणाले.

सरांचं पूर्ण नाव सेतुमाधव राव. तंजावरकडचे मराठी. त्यांच्या मराठीला तमिळ हेल आहे आणि शब्द आमच्या पणजोबांच्या काळातले. माझं बोलणं त्यांना पेपरातल्या बातमीसारखं वाटतं. मला त्यांचं ऐकलं की का कोण जाणे, घरची आठवण येते.

त्यांच्याकडे सगळं दोन-दोन. दोन मनगटांवर दोन घड्याळं, गळ्यात दोन चष्मे, दप्तरात दोन छत्र्या. माझ्याकडे एकच पेन दिसलं की विचारणार, "जोडी कोठें?" कँटीनमध्ये स्वतः जेवायचं सोडून दोन रांगांच्या मधे उभे राहतात. "ही लांब झाली. तू तिकडे जा. तू थांब." एकदा वाढणारा कंटाळून म्हणाला, "सर, सांबाराला तरी त्याच्या मनानं जाऊ द्या!"

एकदा त्यांनी मला फळ्यावर समजावलं की एक सर्व्हर पडल्याचं दुसऱ्याला कसं कळतं. दोघं एकमेकांना सारखा निरोप धाडतात, मी आहे, मी आहे. निरोप थांबला की दुसरा कारभार हाती घेतो.

"आणि मधली वायरच तुटली तर?" मी भीत भीत विचारलं.

"तर वाईट. दोघं जिवंत, पण दोघांना वाटतं दुसरा गेला. दोघं मालक होतात. एकच नोंद दोघं आपापल्या परीनं लिहितात." सरांनी मधे एक छोटा चौकोन काढला. "म्हणून हे तिसरं यंत्र. साक्षीदार. जुनं, लहान असलं तरी चालतं. याला बाकी काम नाही. फक्त सांगायचं, तो आहे."

त्यांनी त्या चौकोनावर बोट टेकवलं. मग म्हणाले, "रविवारी मोकळा आहेस? अण्णा नगरला जायचं. बेल दाबायची. माझे थोरले भाऊ, अण्णा, दार उघडतील."

"काय सांगू त्यांना?"

"काही नको. आहेत का, पाहून ये."

दार उघडणाऱ्या आजोबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सेतूनं धाडला?"

मी मान हलवली. त्यांनी आत बसवलं, कॉफी दिली आणि भिंतीवरच्या पंचांगाकडे बोट केलं. "अप्पांच्या, आमच्या वडलांच्या श्राद्धाची तिथी यात बघायची. तो दुसरं पंचांग काढून बसला, तिथी एक दिवस पुढे. मी म्हटलं, तुझं तू कर. अकरा वर्षं झाली बोलणं बंद होऊन. अप्पा दोनदा जेवतात!" ते हसले. मग हसू थांबलं. "त्याचा गुडघा कसा आहे?"

सोमवारी सरांनी दारातच गाठलं. "आहेत?"

"आहेत. तुमच्या गुडघ्याचं विचारत होते."

"कोणत्या?"

"ते नाही विचारलं, सर."

"उजवा," सर हळूच म्हणाले. "त्यांच्याच सायकलवरून पडलो होतो."

मग मी दर रविवारी जाऊ लागलो. रविवारी अण्णा विचारायचे, "आहे का?" "आहेत." सोमवारी सर, "आहेत का?" "आहेत." याहून मोठा निरोप कुणीच दिला नाही. मीही विचारायला धजलो नाही.

शेवटच्या रविवारी मी अण्णांना सांगितलं की शुक्रवारी गावी परत चाललो.  त्यांनी आत जाऊन एका चिठ्ठीवर फोन नंबर लिहून आणला. परत गेले आणि तोच नंबर दुसऱ्या चिठ्ठीवर लिहून आणला.

"एक हरवली तर," ते म्हणाले.

सोमवारी सरांनी दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या. एक शर्टाच्या खिशात ठेवली, एक पँटच्या.  तीन दिवस खिसे चाचपत फिरले.

गुरुवारी बाराला पाच मिनिटं कमी असताना ते माझ्याजवळ आले. त्या वायरला त्यांनी आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता.

"आज तू ओढ," म्हणाले, आणि फोन घेऊन जिन्याकडे गेले.

बारा वाजता मी ओढली.  एक खूण लाल झाली, दुसरीनं भार उचलला. जिन्याचं दार अर्धवट उघडं होतं. पलीकडून सरांचा आवाज आला, "अण्णा, मी आहे."

 फटीतून दिसलं, फोन त्यांच्या कानालाच होता आणि ते ऐकत होते. मी दार हळूच लोटून घेतलं.