सावधानचं माप

"पोट आत घ्या. आणखी!"

"घेतलंय. याच्यापुढे पोट नाही, पाठच आहे."

बायकोने दोन्ही हातांनी ओढून हूक अडकवला आणि दोन पावले मागे सरून पाहिले. पँट झकास दिसत होती. राखी रंग, समोर इस्त्रीची कडक घडी. आतले कवायतमास्तर मात्र श्वास मोजून घेत होते.

मास्तरांची उमर सगळी नाडीच्या सैल विजारीत गेली होती. गळ्यात शिट्टी, पायाखाली मैदान, डोक्यावर ऊन. आता गुडघे कुरकुरू लागले होते, आणि तेवढ्यात जुने मुख्याध्यापक निवृत्त झाले. शाळेत सगळ्यांत जुने म्हणून मास्तरांना हंगामी मुख्याध्यापक केले गेले. आज शिक्षणखात्याच्या अधिकारीणबाई तपासणीला येणार होत्या. त्यांच्या पसंतीस उतरले तर नेमणूक कायम, नाहीतर परत मैदान. मास्तरांना मान नको होता, पाटीवर नाव नको होते. मुख्याध्यापकांच्या खोलीतली हातांची खुर्ची तेवढी हवी होती.

"माझी विजारच दे ना. बाई मला बघायला येतायत की माझ्या पँटला?"

"आधी पँटलाच बघतील. तुम्ही तोंड नंतर उघडणार."

त्या काळी हल्लीसारख्या ताणाव्यात तितक्या ताणल्या जाणाऱ्या पँटी नव्हत्या. कापड घ्यायचे, शिंप्याकडे टाकायचे आणि देवावर हवाला ठेवायचा. शिंपी मास्तरांचाच जुना विद्यार्थी. "सैल उभे राहा, सर," असे तो म्हणाला होता खरा. पण कमरेला टेप लागताच मास्तरांच्या टाचा जुळल्या, छाती पुढे आली, पोट कुठल्या कुठे गेले. आयुष्यभराची सवय! सर सावधानमध्ये असताना बोलायचे नाही, हे शिंप्याच्याही हाडात मुरलेले. त्याने स्वतःच्या टाचा जुळवल्या आणि निमूट माप घेतले.

त्यामुळे पँट मास्तरांना अगदी बेतशीर बसत होती. फक्त ते सावधान असेपर्यंत.

"आणि विश्राम केला तर?" बायकोने विचारले.

"हूक जाईल."

"मग करू नका."

शाळेच्या फाटकात मास्तर ताठ येऊन उभे राहिले. त्यांना पाहून शिपाई ताठ झाला. शिपायाला पाहून मुले ताठ झाली. बघता बघता सारे मैदान सावधानमध्ये उभे राहिले. आता 'विश्राम' म्हणणे भाग होते. पण कवायतीची आरोळी पोटातून निघते, आणि पोट तर आज हुकाच्या ताब्यात होते. मास्तरांनी तोंड उघडले, विचार केला आणि मिटले.

त्याच वेळी अधिकारीणबाईंची गाडी आत आली. मुलांचा गलका ऐकायच्या तयारीने आलेल्या बाई गाडीच्या दारातच थबकल्या. पानसुद्धा हलत नव्हते.

खोलीत आल्यावर मास्तर म्हणाले, "बसा बाई. मी उभाच बरा."

"मुख्याध्यापक उभे आणि मी बसू? छे छे!"

चहा आला. बाईंनी उभ्यानेच घेतला. मास्तरांनी बशीकडे नुसते पाहिले. घोटभर चहालासुद्धा आत जागा नव्हती.

वर्गात शिरल्यावर मुले उठली ती उठलीच. गणिताच्या बाई मास्तरांच्या कानाशी लागल्या. "सर, बसा म्हणा ना त्यांना. पाय दुखले पोरांचे."

"तुम्हीच म्हणा."

"तुमच्यासमोर मी कशी म्हणू? बरं दिसतं का ते?"

"पँटीपेक्षा बरं दिसेल," मास्तर पुटपुटले. गणिताच्या बाईंना काहीच उलगडा झाला नाही. म्हणून त्याही ताठ उभ्या राहिल्या.

तेवढ्यात अधिकारीणबाईंच्या हातातले पेन निसटले आणि घरंगळत थेट मास्तरांच्या बुटाशी येऊन थांबले. मास्तरांनी पेनाकडे पाहिले. पेन उचलावे तर पँट जाते, न उचलावे तर खुर्ची जाते. आख्खा वर्ग पेनाकडे बघत होता. पण सर हलत नाहीत तोवर हलायचे कुणी?

शेवटी बाई स्वतः वाकल्या. लाल चेहऱ्याने वर आल्या. मास्तरांनी मनातल्या मनात खुर्चीला हात जोडले.

"कमाल आहे," बाई म्हणाल्या. "एकही मूल जागचं हललं नाही! इतर शाळांत पेन पडलं की दहा जण माझ्या पायात येतात."

"हो," मास्तर म्हणाले. एका श्वासात एवढेच मावत होते.

"बोलतासुद्धा मोजकं. मी पुष्कळ मुख्याध्यापक पाहिले. खुर्चीत रुतलेले असतात नुसते. तुम्ही सकाळपासून टेकला नाहीत. तुमची नेमणूक कायम झाली असं समजा."

मास्तरांनी आनंदसुद्धा श्वास रोखूनच साजरा केला.

संध्याकाळी घराचा उंबरठा ओलांडल्याबरोबर त्यांनी हूक सोडला आणि कॉटवर अंग टाकले. 'मिळाली' हा शब्द इतक्या मोठ्या सुस्काऱ्यासकट बाहेर पडला, की बायकोला आधी 'गेली' असेच वाटले. खात्री पटल्यावर मात्र ती हसत उठली आणि कात्री घेऊन बसली.

"आत कापड भरपूर सोडलंय हो त्याने. दोन बोटं सैल करते. उद्यापासून ऐटीत बसा खुर्चीत."

"उसवू नकोस," मास्तर छताकडे बघत म्हणाले.

"अहो, का?"

"मंगळवारी गावातल्या सगळ्या शाळांचे मुख्याध्यापक येणारेत. मी उभा कसा राहतो ते बघायला. बाईच धाडतायत त्यांना."

बायकोची कात्री हवेतच राहिली. "आणि तुमची ती खुर्ची?"

"ती मैदानात नेऊन ठेवायला सांगितलीय. पाहुण्यांना बसायला कमी पडतायत."