पहिल्या ओळीचा मान

आमचे शेजारी सबनीस आरती दुसऱ्या ओळीपासून म्हणत. आधी टाळ्या सुरू होत, मग पहिल्या ओळीपुरती शांतता, आणि मग सबनीस. कोलकात्यात, डमडमच्या आमच्या इमारतीत भिंती पातळ, त्यामुळे रोज संध्याकाळी हे ऐकावंच लागे.

"तुम्ही पुढे व्हा, मी आहेच मागे," हे त्यांचं पालुपद. मेट्रोत इतरांना चढवता चढवता दार बंद होई आणि हे फलाटावर हसत उभे. बँकेतली बढतीही त्यांनी अशीच दुसऱ्याला पुढे करून घालवली. माणूस हुशार, पण सुरुवात करायची म्हटली की दोन पावलं मागे.

एकदा बंगाली घरमालकीण मला जिन्यात म्हणाल्या, "सबनीस बाबू की मिसेस कितना मीठा गाती हैं!"

माझ्या अंगावर काटा आला. वहिनी पुण्यातच वारल्या होत्या, सबनीसांची इकडे बदली होण्याआधी. तेव्हापासून टाळ्या सुरू झाल्या की मी टीव्हीचा आवाज वाढवू लागलो.

यंदा गणपतीच्या तोंडावर आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांची बदली झाली आणि सगळ्यांनी सबनीसांना अध्यक्ष केलं. नाही म्हणायलाही सुरुवात करावी लागते, ती त्यांना जमली नाही! मंडळात पहिली आरती अध्यक्षच सुरू करतात.

आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले. "पहिली ओळ तिची असते हो. ओळ मीच घेतली, तर ती कशाला येईल?" चहात साखर कमी आहे म्हणावं, तसं त्यांनी हे सांगितलं. मला हसता येईना.

आरतीची वेळ झाली. सबनीस हातात तबक घेऊन डावीकडच्या रिकाम्या जागेकडे कान लावून उभे. टाळ्या सुरू झाल्या, पण पुढे काहीच नाही. पंखे बंद होते, तरी निरांजनाची ज्योत तिकडे झुकली. लोक चुळबुळू लागले. अहो, करा ना सुरू, मी मनात म्हणत होतो. शेवटी सबनीसांनी डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात पहिली ओळ म्हटली. दुसरीला सगळं सभागृह त्यांच्यामागे होतं.

नंतर लोक कौतुक करत होते, तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं.

"तिचा आवाज आला तुम्हाला?"

"नाही."

"मलाही नाही." ते घराची किल्ली हातात फिरवत राहिले. "एकदा तरी तुम्ही सुरू करा हो, असं म्हणायची. केलं. पण आता घरी गेल्यावर कोण असेल?"

मला फार वाईट वाटलं. मी त्यांना आमच्याकडेच जेवायला घेऊन गेलो.