सबनिसांच्या चाकूची परीक्षा

घोषालबाबूंना वास आला तो कडकडीत तापलेल्या मोहरीच्या तेलाचा. कलकत्त्याच्या बेहाला भागातल्या त्या तीन मजली इमारतीत रविवारी सकाळी असा वास आला की कुणीतरी मासे तळतंय, याबद्दल बंगाली माणसाला शंका राहत नाही. पण वास गच्चीवरून येत होता, आणि गच्चीची किल्ली होती दत्तात्रय सबनिसांकडे. सबनीस पक्के शाकाहारी. जन्म कलकत्त्यात गेला तरी माशाच्या शेपटीलाही त्यांनी कधी हात लावला नव्हता. बायको गेल्यापासून तर ते कुणाशी धड बोलतही नव्हते. निदान इलिश माशाने तरी या माणसाला माणसात आणलं, अशा आनंदात घोषालबाबू बशीत लिंबाच्या फोडी घेऊन जिना चढले.

वर तेल होतं, मासा नव्हता. बायकोचा फुलाफुलांचा एप्रन बांधून सबनीस उभे होते आणि त्यांच्या सांडशीत लालभडक चाकू होता. त्यांनी तो तेलाच्या डब्यात बुडवला. भपकन जाळ उठला. सबनीस चाकूला म्हणाले, "आता तरी ऐक रे बाबा. सगळे सोडून गेले, निदान तू तरी नीट हो."

घोषालबाबूंनी बशी कठड्यावर ठेवली आणि ते आल्या पावली खाली गेले.

सबनिसांचा चाकूशी संबंध तसा अलीकडचा. रेल्वेच्या गार्डन रीचच्या कचेरीत त्यांनी हिशेब तपासण्यात आयुष्य घालवलं. घरात खिळा ठोकायचा झाला तर उज्ज्वलाबाई ठोकायच्या, हे स्टुलाला धरून उभे राहायचे. गेल्या वर्षी उज्ज्वलाबाई गेल्या आणि घर इतकं गप्प झालं की सबनिसांना फ्रिजच्या घरघरीची सोबत वाटू लागली. असंच एकदा मोबाइलवर कुणी दाढीवाला लोखंड ठोकताना दिसला. तो आवाज त्यांना बरा वाटला. खिदिरपूरच्या भंगारातून रुळाचा तुकडा आला, तो ऐरण झाला. मुलीचा केस वाळवायचा जुना ड्रायर भात्याच्या कामाला लागला. खिडकीचे गंजके गज ठोकून सबनीस चाकू करू लागले.

चाकू दिसायला चाकूसारखे होत. कापत मात्र काही नसत. गजाच्या मऊ लोखंडाला कितीही तापवून बुडवलं तरी ते कडक होत नाही, हे सबनिसांना फार उशिरा कळलं. त्या रविवारी त्यांनी पहिल्यांदाच ट्रकच्या स्प्रिंगची पट्टी घेतली होती आणि पाण्याऐवजी तेल.

हे घोषालबाबूंना कोण सांगणार? त्यांनी तोवर बंगळुरूला सबनिसांच्या मुलीला, सईला, फोन लावला होता.

"मामोनी, बेटी, तुम जल्दी आओ. बाबा छत पर छुरी बनाता है. एकदम अकेला. और छुरी के साथ बात करता है!"

सईने लगेच रजेचा अर्ज टाकला. रजा मिळेपर्यंत तिने कलकत्त्याच्या महाराष्ट्र मंडळातल्या तेजस्विनीबाईंना लक्ष ठेवायला सांगितलं. तेजस्विनीबाईंनी मनःस्वास्थ्यावरची दोन भाषणं ऐकलेली होती, त्यामुळे त्या मोठी पिशवी घेऊनच आल्या.

"दत्ताभाऊ, घरातल्या धारदार वस्तू मी जरा घेऊन जाते हं. स्वच्छ करायला."

"अहो वहिनी, विळी कशाला? दाढीचं सामान?"

"तेही फार मळलंय."

सुऱ्या गेल्या, विळी गेली, कात्री आणि नेलकटर गेलं. धार लावायचा दगडही गेला. देवघरातली सहाण तेवढी राहिली, कारण गंध उगाळायच्या सहाणेचा कुणाला संशय येणार!

इथून बुडत्याचा पाय खोलात जाऊ लागला. दाढी करता येईना, म्हणून सबनिसांची दाढी वाढली. भाजी चिरता येईना, म्हणून ते दोन्ही वेळा मुगाची खिचडी खाऊन वाळले. एकदा त्यांनी आपल्याच जुन्या चाकूने भोपळा कापायचा प्रयत्न केला, पण चाकू वाकला. ते कपाळाला हात लावून भोपळ्यासमोर बसले असताना तेजस्विनीबाई खिडकीतून डोकावल्या. "भोपळ्याकडे एकटक बघत बसतात," असा निरोप त्याच दुपारी बंगळुरूला गेला. सईने लगेच विमान पकडलं.

दार उघडताच तिने बापाला बघितलं आणि तिला रडूच आलं.

"बाबा! काय हालत करून घेतली तू? तू मला का नाही सांगितलं?"

"अगं, माझा वस्तरा तेजस्विनीवहिनींकडे..."

"ते राहू दे. आता तू माझ्याबरोबर येणार. कायमचा."

सबनिसांच्या पायाखालची जमीन सरकली. सईचं घर बाराव्या मजल्यावर. तिथे उदबत्ती लावली तरी छताला टांगलेलं यंत्र बोंब मारायचं, भट्टीचं नावच नको. आणि इथलं घर सोडायचं म्हणजे उज्ज्वलाबाई जिथे वावरल्या ती जागाच सोडायची. त्यांना जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं.

जेवणाच्या टेबलाभोवती सगळे बसले. घोषालबाबूही साक्षीदार म्हणून आले.

"दत्ताभाऊ, मोकळेपणाने सांगा," तेजस्विनीबाई आवाज मऊ करून म्हणाल्या. "एकटं वाटतं का?"

"वाटतं की. रोज वाटतं. सकाळी चहाचे दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो. फक्त ठोकताना तेवढं वाटत नाही, म्हणून ठोकतो."

सईने डोळे पुसले. "पण बाबा, चाकूच का? मला भीती वाटते रे. तुला काही झालं तर?"

"अगं, माझ्या चाकूने काही व्हायचं असेल तर आधी तो कापायला नको का?"

सबनिसांनी ट्रंकेतून चाकूंचं बोचकं आणून टेबलावर ओतलं. घोषालबाबूंनी धीर करून एक उचलला आणि टोमॅटोवर दाबला. टोमॅटो चपटा झाला आणि बी तेजस्विनीबाईंच्या साडीवर उडाली. दुसरा चाकू टोमॅटोवरून घसरला. तिसऱ्याची मूठच हातात आली. तेजस्विनीबाईंनी एका पात्यावरून अंगठा फिरवला, मग जोरात फिरवला, मग खो खो हसल्या.

"अगो बाई! याने तर लोणीसुद्धा कापलं जायचं नाही!"

सईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "मी उगाच घाबरले. ही तर खेळणी आहेत! बरं बाबा, तू इथेच राहा. ठोक काय ठोकायचं ते."

सबनीस जिंकले होते. घर राहिलं, गच्ची राहिली, भट्टी राहिली. आता त्यांनी गप्प बसून चहा घ्यायचा, बस. पण माणसाला सुख बघवतं कुठे, त्यातून स्वतःचं!

सईने जावयाला व्हिडिओ कॉल लावून वाकडे चाकू दाखवले. तिकडून जावई हसला. घोषालबाबू सबनिसांची पाठ थोपटत म्हणाले, "दादा, इससे तो हमारा चम्मच तेज है." आणि तेजस्विनीबाई म्हणाल्या, "एक द्या हो आम्हाला. नातू दीड वर्षाचा आहे, त्याला खेळायला होईल."

सबनिसांचे कान तापले. ते उठले आणि देवघरात गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"हा ट्रकच्या स्प्रिंगचा," ते म्हणाले. "सकाळीच सहाणेवर धार लावून झाली."

"बघू," म्हणून सईने हात पुढे केला. चाकू हातात देऊ नये, भांडण होतं, म्हणून त्यांनी तो आधी टेबलावर ठेवला. मग राहवेना, म्हणून स्वतःच परत उचलला.

एक पिकलेला टोमॅटो त्यांनी समोर ठेवला आणि पातं नुसतं टेकवून ओढलं. टोमॅटो दोन्ही बाजूंना शांतपणे कलला. मग त्यांनी वर्तमानपत्राचा कागद हवेत धरला आणि अग्रलेख मधोमध चिरला. शेवटी मनगटावरचे चार केस खरवडून दाखवले.

"बाप रे बाप!" घोषालबाबूंनी खुर्ची मागे घेतली. तेजस्विनीबाई हळूच आपली पिशवी उघडू लागल्या.

सबनिसांचे डोळे चमकत होते. वाढलेल्या दाढीतून ते हसत होते, उज्ज्वलाबाई गेल्यापासून पहिल्यांदाच. सईने त्या चाकूकडे पाहिलं, त्या हसण्याकडे पाहिलं, आणि मोबाइल उचलला.

"बाबा," थोड्या वेळाने ती हळू आवाजात म्हणाली, "उद्या सकाळचं विमान आहे. खिडकीची सीट घेऊ का कडेची?"

सबनीस दुसऱ्या टोमॅटोवर वाकले होते. त्यांनी एक चकती काढून उजेडात धरली.

"कुठलीही घे गं," ते म्हणाले. "आधी हे बघ. आरपार दिसतंय."