सिद्रामप्पा बहिर्मुख निघतात

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, अर्जुनरावांच्या आडतीवर सिद्रामप्पा सत्तावीस वर्षं सौदा पुकारत होते. शेतकऱ्याच्या ढिगाभोवती खरेदीदार जमले की अप्पा मधोमध उभे राहायचे, समोरच्या बोल्या झेलायचे आणि 'एक वार, दोन वार' अशी हाळी द्यायचे, की किल्ल्यावरची कबुतरं उडायची. निदान अप्पा तसं सांगायचे. आणखी एक गोष्ट ते सांगायचे, की या मोंढ्यात त्यांना लालूच दाखवायची आजवर कुणाची छाती झाली नाही. हे ऐकताना खरेदीदार एकमेकांकडे बघायचे आणि आदरानं गप्प बसायचे.

अर्जुनरावांची लेक आरती लातुरात व्यवस्थापन शिकून आली आणि आल्या आल्या तिनं आडत सुधारायला घेतली. "बाबा, आधी माणसाचा स्वभाव बघायचा, मग त्याला काम द्यायचं. मोबाईलवर चाचणी आहे, चाळीस प्रश्नांची. ज्याचा स्वभाव बसणार नाही, त्याला गोदामात पोती मोजायला बसवू."

सौदा सोडून गोदामात, उंदरांच्या संगतीत? अप्पा चाचणीला बसले ते नव्या मुलानं बोर्डाच्या पेपरला बसावं तसे. आरती वाचत गेली, अप्पा सांगत गेले.

"सतरावा प्रश्न. कुणी आमिष दाखवलं तर तुम्ही डळमळता का?"

"कुणी दावलंच न्हाई गं, डळमळू कशाला?"

"म्हणजे 'कधीच नाही'," आरतीनं बटण दाबलं.

दुपारी आडतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निकाल आला: 'सिद्रामप्पा: तत्त्वनिष्ठ आणि बहिर्मुख. सौद्यासाठी उत्तम.' प्रकरण खरं तर इथंच मिटायला हवा होता. पण तो मेसेज सगळ्यांच्या आधी हमालांचा मुकादम व्यंकटी यानं उघडला, आणि व्यंकटीला कोणताही शब्द फोडल्याशिवाय गिळता येत नसे.

"बहिर् म्हंजे बहिरा," तो चहाच्या टपरीवर सांगू लागला, "अन् मुख म्हंजे तोंड. कान गेलाय, तोंड शाबूत हाय! अप्पांचंच वर्णन की हो हे. मशीननं बरुबर वळखलं."

चार वाजेपर्यंत मोंढ्यातलं प्रत्येक माणूस अप्पांशी ओरडून बोलू लागला. चहावाला कानाशी येऊन "साखर कमी घालू का?" असं किंचाळला, तेव्हा अप्पांच्या हातातला कप धोतरावर सांडला.

"आरं बोंबलून का राहिलास? बहिरा हाय का मी?"

"हाव!" टपरीवरचे सगळे एका सुरात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नागाबाई तूर घेऊन आली आणि ढिगासमोर पदर खोचून उभी राहिली. "मालक, बहिऱ्या माणसानं माझ्या तुरीची बोली चुकवली तर कुणाच्या दारात जाऊ? दुसरा पुकारणारा लावा."

आरतीनं सगळ्यांना अर्थ समजावून सांगितला. बहिर्मुख म्हणजे मनमोकळा, माणसांत रमणारा. लोकांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि आपला अर्थ तसाच ठेवला. शेवटी अर्जुनराव म्हणाले, "अप्पा, लातूरला जाऊन कानाच्या डॉक्टरकडून लिहून आणा. तवर सौदा बंद. मोंढ्याचं तोंड कसं धरायचं मी?"

अप्पा तावातावानं एसटीत बसले. सोबत उमाबाई, त्यांची बायको. लातूरच्या डॉक्टरनं त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानावर डबडी लावली, शिट्या वाजवल्या आणि कागद पुढं केला.

"उजवा कान तरण्या पोराचा आहे. डावा जवळपास बंद. तीसेक वर्षं तरी झाली असतील."

अप्पा उडालेच. "असं कसं? मला कळलं न्हाई?"

"मला ठावं हाय की," उमाबाई शांतपणे म्हणाल्या. "लग्न झाल्यावर दोन वर्षांत कळलं."

"मंग सांगितलं का न्हाईस?"

"तुमाला बोलून घ्यायचं असलं की मी डाव्या अंगाला बसते. मन मोकळं होतं, भांडण होत न्हाई. कशाला सांगू?"

अप्पांनी आठवून पाहिलं. बाई येतानाही एसटीत डावीकडंच बसल्या होत्या.

डॉक्टरनं डाव्या कानात दाण्याएवढं मशीन बसवलं आणि 'मशीनसह ऐकणे उत्तम' असा दाखला दिला. अप्पा छाती काढून मोंढ्यात परतले. नागाबाईनं दाखला वाचून घेतला आणि ढिगावरचं फडकं बाजूला केलं. बोली चढू लागली. अप्पांनी "एक वार" म्हटलं. तेवढ्यात शिवमूर्तीशेठ, मोंढ्यातले सगळ्यात मोठे खरेदीदार, नेहमीसारखे डावीकडून आले आणि नेहमीसारखे कानाशी वाकले.

"अप्पा, दोन वारला रेंगाळू नका, बोली माझ्यावर तोडा. तुमच्या पोरीच्या लग्नाचा मांडव माझ्याकडं. पंधरा वर्षं झाली, कानात सांगून राहिलोय, तुमी वळूनसुदिक बघत न्हाईत. देवमाणूस हो तुमी! पण एकदा तरी हाव म्हणा."

अप्पांच्या तोंडचं 'दोन वार' तोंडातच राहिलं. पंधरा वर्षं! आणि हा एकटाच असेल कशावरून? डाव्या कानाशी वाकून गेलेले एकेक चेहरे त्यांना दिसू लागले. पोरगी यंदा खरंच लग्नाची होती. मांडव चांगला मोठा दिसत होता, दिव्यांची माळही लागली होती. जन्मात पहिल्यांदा अप्पा डळमळत होते, आणि समोर नागाबाई त्यांच्या तोंडाकडं टक लावून उभी होती.

अप्पांनी हात वर नेला, कानातलं मशीन काढलं आणि कोपरीच्या खिशात टाकलं.

"हां शेठ, बोला. काय म्हणत होता?"

शेठचे ओठ बराच वेळ हलले. अप्पा प्रसन्न मुद्रेनं मान डोलवत राहिले. तेवढ्यात उजवीकडून एकानं बोली आणखी वाढवली. "दोन वार... तीन वार!" कबुतरं, म्हणे, उडाली.

संध्याकाळी आरती खुशीत आली आणि नवं मशीन आहे त्या कानाला ऐकू जावं म्हणून मुद्दाम डावीकडंच बसली. अप्पा वळून उजवा कान तिच्याकडं करून बसले.

"बघा अप्पा, चाचणी किती खरी निघाली! तत्त्वनिष्ठ आणि बहिर्मुख, दोन्ही. आता दर वर्षी घेत जाऊ."

"घे की," अप्पा खिसा चाचपत म्हणाले. "फकस्त सतरावा प्रश्न तेवढा डाव्या कानात इचारीत जा."