साहेबांच्या टोपीवरची पिवळी

एकाच वर्षात एम.एस्सी. पूर्ण करायचं आणि लष्करात अधिकारीही व्हायचं, हे मी घरात जाहीर केलं तेव्हा मला टाळ्यांची अपेक्षा होती. मिळाली शांतता! आईचं पार्लर आमच्या पुढच्या खोलीतच असल्यामुळे आमच्याकडच्या सगळ्या घोषणा गिऱ्हाइकांसमक्ष होतात. तिने एका बाईंचे केस अर्धे कापून कात्री तशीच हवेत धरली. बाबा गाडी चालवायला शिकवतात. ते म्हणाले, "एका वेळी एकच गिअर पडतो. दोन टाकायला गेलीस तर गिअरबॉक्स हातात येईल."

"बाबा, मी गाडी नाहीये!"

"म्हणूनच सांगतोय. गाडी निदान रिपेअर होते."

पण माझी योजना बिनतोड होती! पहाटे धावायचं, दिवसभर प्रयोगशाळा, संध्याकाळी जोर. जोर काढताना समोर जमिनीवर शोधनिबंध पसरायचा. खाली गेलं की एक ओळ वाचायची, वर आलं की तिचा विचार करायचा. पंधरवड्यात माझे दंड आईच्या डोळ्यांत भरायला लागले आणि शोधनिबंध घामाने वाचता येईनासे झाले.

घाई करण्याला कारण होतं. वयाच्या अटीमुळे पुढच्या वर्षी माझा अर्जच कोणी घेणार नव्हतं. शिवाय निवड झाली तरी एम.एस्सी.ची पदवी हातात असल्याशिवाय वर्दी मिळणार नव्हती. म्हणजे पदवी गेली की वर्दीही गेली! आणि माझी पदवी होती गोगलगायींच्या हातात. त्यांना हात नसतात, हे मला माहीत आहे. प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी आहे मी.

माझा विषय असा होता: फिरायला गेलेली गोगलगाय आपल्या ठिकाणी परत येते का? डझनभर गोगलगायी मी पाळल्या होत्या. आईच्या नेलपॉलिशने प्रत्येकीच्या शंखावर ठिपका दिला होता. लाल, पिवळी, जांभळी, मोतिया अशी त्यांची नावंच पडली होती. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी फवारायचं, झाकण काढायचं आणि कोण कुठे जाते ते लिहायचं. आतापर्यंतचा निष्कर्ष असा की त्या कुठेच जात नव्हत्या. बसल्या जागी झोपत होत्या! वर्षभराचं संशोधन आणि हातात काय, तर झोपेची नोंद.

निवड केंद्राचं बोलावणं आलं तेव्हा मी आमच्या गाईडबाईंकडे गेले. या बाई इतक्या कडक की त्या आल्या की प्रयोगशाळेतला पंखासुद्धा आवाज न करता फिरतो.

"मॅडम, निवड चाचणीला जायचंय. काही दिवस तिथेच राहावं लागेल."

"जा की."

"आणि गोगलगायी?"

"घेऊन जा."

मी हसले. बाई हसल्या नाहीत.

"एक दिवस जरी रीडिंग तुटलं ना," त्या म्हणाल्या, "तर सगळं पहिल्यापासून. मग पदवी पुढच्या वर्षी!"

झालं! बाबांनी खिळ्याने एका स्टीलच्या डब्याच्या झाकणाला भोकं पाडून दिली, आणि एका हातात बॅग, दुसऱ्या हातात गोगलगायी अशी मी देशरक्षणाला निघाले.

निवड केंद्रात माझ्या खोलीत होऊ घातलेली एक वकिलीणबाई होती. पहिल्याच संध्याकाळी मला पलंगाखाली डोकं घालून कुणालातरी "जांभळे, हल ना गं!" म्हणताना तिने पकडलं. मी सगळं सांगून टाकलं.

तिने गंभीरपणे विचारलं, "इथल्या नियमांत गोगलगाय आणू नये असं कुठे आहे का?"

"गोगलगायीचा उल्लेखच नाही."

"मग आणू शकतेस!" ती म्हणाली आणि शांतपणे झोपली. त्या दिवसापासून मला कायद्याबद्दल फार आदर वाटतो.

गोंधळ झाला मैदानावर. तिथे फळ्या, पिंपं आणि दोर देऊन पुढाऱ्याने आपल्या गटाला आखलेल्या पट्ट्यापलीकडे न्यायचं असतं. पट्टा म्हणजे खंदक, पाय टेकला की मेलात! परीक्षा घेणारे साहेब उंच, मिशाळ आणि मुळीच न हसणारे. त्या सकाळी आभाळ भरून आलं होतं, हवा दमट होती आणि माझ्या रीडिंगची वेळ नेमकी तेव्हाच होती. आडोसा फक्त साहेबांच्या टेबलाखाली! मी डबा हळूच तिथे सरकवला, फवारा मारला, झाकण काढलं आणि तेवढ्यात शिट्टी वाजली. मी धावले. झाकण माझ्या हातातच राहिलं!

तरी मी निर्धास्त होते. वर्षभर ज्यांनी कूस बदलली नाही, त्या आज काय दिवे लावणार?

आधी दुसऱ्यांच्या पाळ्या झाल्या, त्यात बराच वेळ गेला. मग माझी पाळी आली. साहेबांनी टेबलावरची टोपी उचलून डोक्यावर घातली आणि ते माझ्यासमोर येऊन सूचना द्यायला लागले. आणि मला दिसलं, टोपीच्या कडेवर पिवळी!

झोपलेली नाही हं! शिंगं बाहेर काढून, मान उंचावून, एखाद्या किल्ल्याची पाहणी करावी तशी चालली होती. माझे डोळे तिच्यावर खिळले. साहेब उजवीकडे वळले, मी वळले. ते डावीकडे वळले, मीही वळले.

"याला म्हणतात लक्ष!" साहेब बाकीच्यांना म्हणाले. "सूचना ऐकताना पापणीसुद्धा हलली नाही हिची. शिका जरा!"

मी गटाला कामाला लावलं. तोंडाने "फळी उचला, पिंप सरकवा" चाललं होतं आणि डोळे गवतात मोतियाला शोधत होते. आमची वकिलीण फळीवरून पुढे निघाली आणि तिच्या बुटाच्या बरोबर खाली मला लाल ठिपका दिसला.

"थांबा!" मी अशी ओरडले की झाडावरची पाखरं उडाली. "कुणीही पाय टेकवायचा नाही!"

अख्खा गट जागच्या जागी गोठला. वकिलीण बगळ्यासारखी एका पायावर उभी राहिली. मी झेप घेतली, लालला उचललं आणि खिशात टाकलं. साहेब धावत आले. फळीच्या टोकाकडे त्यांनी पाहिलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"दोर बांधलेलाच नाही! तिने तो पाय टाकला असता तर फळी उलटून गटच्या गट खाली आला असता. इतक्या लांबून दिसलं तुला?"

आता खरं सांगायचं तर तोंड उघडायला हवं. तेवढ्यात साहेबांनी कौतुकाच्या भरात टोपी सारखी करायला हात वर नेला.

"सर, टोपीला हात लावू नका!"

साहेबांना हुकूम सोडणारी उमेदवार त्या केंद्राने बहुधा पहिल्यांदाच पाहिली असावी. पण गंमत म्हणजे साहेबांचा हात हवेतच थांबला! हुकूम म्हटला की पाळायचा, ही सवय अंगात मुरलेली.

"का?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

"सर, तुमच्या टोपीवर माझी एम.एस्सी. आहे."

मग मी भडाभडा सगळं सांगितलं. बाई, रीडिंग, डबा, वयाची अट, सगळं! दोर मला दिसलाच नव्हता, मी गोगलगायीसाठी ओरडले, हेसुद्धा सांगितलं. ते सांगताना वर्दी अंगावरून उतरून जाते आहे असं मला वाटलं, अजून चढली नव्हती तरी. रडूच यायला लागलं होतं.

साहेबांनी पिवळीला चिमटीत धरून माझ्या तळहातावर ठेवलं. "बाकीच्या कुठे आहेत?"

"माहीत नाही, सर."

"मग उभी काय आहेस? शोधमोहीम आखायची. पुढारी तूच!"

माझ्या अंगात वारं संचारलं! "सगळ्यांनी एका ओळीत, गुडघ्यांवर! आधी हाताने चाचपायचं, मगच गुडघा पुढे! टेबलाचे पाय तुझ्याकडे, पिंपं तुझ्याकडे!" पन्नास पावलांचं ते मैदान भावी अधिकाऱ्यांनी रांगत पालथं घातलं. साहेब स्वतः टेबलाखाली शिरले. आमचे कपडे चिखलाने माखले, गुडघे सोलवटले आणि सापडलं काय? काहीच नाही! एकसुद्धा नाही!

मी मटकन खाली बसले. तेवढ्यात टेबलाखालून साहेबांचा आवाज आला, "यांना डब्यात कुणी ठेवलं?"

कुणीच ठेवलं नव्हतं. जांभळी, मोतिया आणि उरलेल्या सगळ्या जणी आपापल्या जागी जाऊन बसल्या होत्या. आम्ही पुढे रांगत होतो तेव्हा त्या मागून घरी परतल्या होत्या! शेवटचीचं शेपूट तर अजून डब्याच्या काठावरच होतं. मी आनंदाने किंचाळले. वर्षभराचा निष्कर्ष माझ्या डोळ्यांसमोर काठावरून आत उतरत होता!

मुलाखतीत मंडळाच्या अध्यक्षांनी एकच प्रश्न विचारला. "शाबासकी आयती मिळाली होती. खरं का सांगितलंस?"

"सर, पिवळी चिरडली असती."

ते खिडकीकडे तोंड करून बराच वेळ खांदे हलवत होते. संध्याकाळी निवड झालेल्यांमध्ये माझा नंबर पुकारला गेला! वकिलिणीचाही! आम्ही दोघींनी डब्याभोवती फेर धरून नाच केला. फोनवर बाबांना सांगितलं तर त्यांनी शिकाऊ मुलाच्या हातून स्टिअरिंग घेऊन गल्लीभर हॉर्न वाजवला म्हणे, आणि आईने त्या दिवशी सगळ्या गिऱ्हाइकांना फुकटात नेलपॉलिश लावलं.

मी तशीच नाचत बाईंपुढे गेले. बाईंनी नोंदी वाचल्या, चष्मा कपाळावर चढवला.

"घर आठवलं म्हणून परत आल्या, की डबा ओला होता म्हणून?"

माझा नाच थांबला.

"कोरड्या डब्याने पुन्हा करून दाखव. तीच जागा, तेच टेबल, तेच साहेब."

"मॅडम, ते लष्कर आहे!"

"मग वेळेवर तरी येतील."

आणि साहेब खरंच वेळेवर आले! सुट्टीच्या दिवशी टेबल मांडून बसले, घड्याळ लावून नोंदी घेतल्या, "जांभळी हालचाल करतेय" असं दबक्या आवाजात सांगत राहिले. डबा कोरडाठाक, तरी सगळ्या परतल्या! पदवी मिळाली, वर्दीही अंगावर चढली. आमचं संशोधन तर एका नावाजलेल्या विज्ञानपत्रिकेत छापूनही आलं.

पत्रिका हातात पडताच मी पहिलं पान उघडलं. पहिलं नाव बाईंचं. ते ठीकच आहे. दुसरं नाव साहेबांचं! माझं तिसरं.

"मॅडम," मी चाचरत विचारलं, "गोगलगायी माझ्या, मेहनत माझी... मग साहेब माझ्या आधी कसे?"

"हुद्द्याने मोठे आहेत ना," बाई म्हणाल्या. "लष्करात गेलीस, आता सवय करून घे."