दिगंबर सरांचं निळं पाणी

दिगंबर सरांना चहाला बोलवायचं असेल तर आधी घरातली केराची बादली लपवावी लागते. नाहीतर चहा राहतो बाजूला आणि सर बादलीतून चिप्सची रिकामी पाकिटं वेचत बसतात. माझ्या मेहुणीच्या लग्नात हे पंगतीमागून गुटख्याच्या पुड्या गोळा करत फिरत होते. नवरदेवाच्या मामांना वाटलं, हा वाढप्यांपैकीच कुणी. त्यांनी खरकटी पत्रावळ यांच्या हातात दिली. सरांनी ती उलटून पाहिली. प्लॅस्टिकचा थर लावलेली होती, म्हणून आनंदाने ठेवून घेतली.

"फेकू नका बाप्पा, उजेड हाये तो!" हे त्यांचं पालुपद.

सर आमच्या अकोल्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात, मी मराठी. घरं भिंतीला भिंत लागून. मूळचे तेल्हाऱ्याकडचे, त्यामुळे बोलणं रोखठोक. भंगारवालाही जे प्लॅस्टिक घेत नाही, ते सर बारीक कातरतात, आम्लाच्या पाण्यासोबत पोलादी डब्यात घट्ट बंद करतात आणि प्रयोगशाळेच्या भट्टीत शिजवतात. मग गाळून पिवळट पाणी काढतात. नकली नोटा ओळखायचा जांभळा दिवा त्यावर धरला की ते निळं चमकतं.

"त्यात कार्बनचे कण हायेत. इतके बारीक, का दिसतच नाहीत."

"मग चमकतात ते काय?"

"कणच ना!"

"म्हणजे दिसतात."

"दिसत नाहीत म्हणून तर सांगून राहिलो!"

माझ्या डोक्यावरून सगळं गेलं. "तुमाले सांगणं म्हंजे पालथ्या घड्यावर पाणी," म्हणून सर उठून गेले आणि जाताना आमची दुधाची पिशवी घेऊन गेले. ती भरलेली होती.

ती कपाशीवरच्या बोंडअळीची वर्षं. वर्गातली पोरं परीक्षेआधीच गावाकडे परतायची, सकाळचा पेपर उघडून शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाचायची भीती वाटायची. अशा दिवसांत हा माणूस पुड्या शिजवतो, याचा मला खरोखर राग यायचा. विचारलं तर म्हणायचे, पाण्यात लोखंडासारखे धातू असले तर ही चमक मरते, विहिरींचं पाणी तपासता येईल. ते खरं असेलही. पण विहिरीसाठी कुणी इतकं पिसाटत नाही.

यामागे होती चंद्री, सरांची गाय. रोज गल्लीभर मोकळी फिरायची. गोग्रासाच्या पोळीला मुंग्या लागू नयेत म्हणून ती कॅरीबॅगेत बांधून फाटकाजवळच्या भिंतीवर ठेवायची, ही पद्धत आमच्या गल्लीत सरांच्या बायकोने, मालतीवहिनींनीच सुरू केली. सगळ्या बायकांनी श्रद्धेने उचलली. चंद्री सगळ्यांच्या पोळ्या खायची, पिशवीसकट. एक दिवस तिचं पोट फुगलं. डॉक्टरांनी चिरलं, प्लॅस्टिकचा बोळा काढला. चंद्री काही वाचली नाही. तेव्हापासून वहिनी फाटकाकडे फिरकल्या नाहीत. सरांशीही कामापुरतं बोलायच्या.

मे महिन्यात, भर दुपारी सरांनी मला घरी बोलावलं. खोलीत अंधार पुरेना, म्हणून आम्ही दोघे अंगावर गोधडी घेऊन बसलो. अकोल्याचा मे! घामाच्या धारा लागल्या. सरांनी बाटलीवर दिवा धरला. निळं चमकलं.

"हे चंद्रीच्या पोटातलं हाये," ते हळूच म्हणाले. "तो बोळा मी धुऊन ठेवला होता. आता मालतीले सांगू कसं? तुमी मराठीचे ना?"

तेवढ्यात कुणीतरी गोधडी ओढली. मालतीवहिनी. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

सर चाचरले, "मालती, तू वाईट नाही केलं... म्हंजे प्लॅस्टिक... त्यातला कार्बन..." पुढे त्यांनाच काही कळेना.

वहिनींनी बाटली घेतली, दिवा घेतला, खाली बसल्या आणि गोधडी डोक्यावरून ओढून घेतली. आतून हुंदका आला की आणखी काही, सांगता येईना.

"रडून राहिली का हसून राहिली?" सरांनी मला खुणेनं विचारलं. मी खांदे उडवले.

"झाकण नको उघडू बरं," सर घाबरून म्हणाले, "आम्ल हाये त्यात."

मग गोधडीची एक कड वर झाली.

"बाहेर काहून उभे? या आत."