मटकीनं भरलेला हातमोजा

"साहेब, कस्टम म्हंजी आपल्या डाव्या हाताचा मळ! गुरुवारच्या आत माल कुरकुंभात उतरवतो!"

विश्वजीतनं छाती पुढं काढून मोठ्या साहेबांना शब्द दिला, तेव्हा त्याला कुरकुंभच्या औषध कारखान्याच्या परचेस खात्यात चिकटून पाच महिने झाले होते. सहावा संपला की एकतर नोकरी कायम, नाहीतर परत केंदूरला कांद्याच्या वाफ्यात! आणि गोळ्यांच्या लाइनवरचे हातमोजे नेमके गुरुवारी संपणार होते. हातमोज्याशिवाय गोळीला हात लावायचा नाही. म्हणजे लाइन बंद, तिन्ही शिफ्ट घरी, आणि सगळ्यांच्या आधी विश्वजीत!

मलेशियाहून आलेला हातमोज्यांचा कंटेनर कस्टमच्या डेपोत अडकला होता. विश्वजीतनं कागदावर माल 'रबर' म्हणून दाखवलेला, आणि तिथल्या अधिकारी राजश्री मॅडमना तो प्लास्टिक वाटत होता. रबराच्या जकातीचं कलम वेगळं, प्लास्टिकचं वेगळं. चुकीच्या कलमाखाली माल सोडतील त्या मॅडम कसल्या! त्यांनी बुधवारी नमुना घेऊन बोलावलं.

डेपो केंदूरहून जवळ, म्हणून मंगळवारी विश्वजीत दौंडच्या खोलीला कुलूप लावून घरी मुक्कामाला गेला. नमुन्याचे सहा मोजे पिशवीत होते. "आई, उद्या मोठ्या मॅडमकडं जायचंय," एवढं बोलून तो जेवून झोपला. तिथंच घोळ झाला! सरकारी माणसाकडं रिकाम्या हातानं जायचं नाही, हा आईचा, सरूबाईंचा, जन्माचा नेम. तलाठ्याला शेंगा, ग्रामसेवकाला घेवडा, ढोरांच्या डॉक्टरला अंडी.

"दाखवा नमुना," बुधवारी डेपोत मॅडम म्हणाल्या.

विश्वजीतनं ऐटीत पिशवीत हात घातला. आत हाताला हात लागला. चांगला गुबगुबीत! घाबरतच बाहेर काढला, तर निळा हातमोजा, मनगटाशी सुतळीनं आवळलेला, पाची बोटं ठासून भरलेली. मागोमाग दुसरा, तिसरा... सहाच्या सहा! त्यानं तिथूनच घरी फोन लावला.

"आई, मोज्यात काय भरलंस?"

"मटकी! घरची हाय. घरात पिशवी गावंना, मग ह्याच घेतल्या. बोटं कशाला ठेवल्यात कुणास ठाव, पन मजबूत हायत बघ!"

सरूबाईंचा आवाज असा, की त्याला स्पीकर लागत नाही. मॅडमचा चेहरा लाल झाला.

"भेटवस्तू? मला? लाच देताय?"

"न्हाई मॅडम, मटकी देतोय! म्हंजी... देत न्हाई!"

"बन्सीमामा, उचला हे सगळं!"

म्हातारे शिपाई बन्सीमामा पुढं आले आणि त्यांनी एक मोजा सुतळीला धरून उचलला. मटकी खाली सरकली, मोजा ताणला. आणखी ताणला. मामांच्या गुडघ्यापर्यंत लोंबला! आता फुटणार आणि आपली नोकरी दाण्यादाण्यानं फरशीवर पसरणार, म्हणून विश्वजीतनं डोळे मिटले.

मोजा फुटला नाही.

विश्वजीतनं एक डोळा उघडला, आणि त्याचं डोकं एकदम पेटलं. "मामा, हलू नगा! मॅडम, टेप द्या!" त्यानं भराभर माप घेतलं, सुतळी सोडली, मटकी पिशवीत ओतली. मोजा आकसून पहिल्यासारखा एवढासा झाला. पुन्हा माप. मघाशी याच्या तिपटीहून जास्त!

"नियम काय सांगतो मॅडम? तिप्पट ताणून तुटायचं न्हाई, सोडलं की आकसायचं. प्लास्टिकची पिशवी एवढी ताणली तर परत जाग्यावर येती व्हय?"

"आर्रर, खरंच की वो!" बन्सीमामा म्हणाले.

मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी सहाही मोजे तसेच लोंबवून पाहिले. सहाव्यानंतर शिक्का उचलला.

"लॅबचा रिपोर्ट यायचा तेव्हा येईल. तोवर बाँडवर, तुमच्या लेखी हमीवर, माल सोडते. आणि मटकी परत न्या. एक दाणा इथं दिसता कामा नये."

विश्वजीतनं टेबलाखाली रांगत एकूण एक दाणा वेचला, आणि तेही शीळ घालत!

गुरुवारी सकाळी कंटेनर कुरकुंभच्या गेटातून आत आला, तेव्हा पहिल्या शिफ्टनं टाळ्या पिटल्या. मोठ्या साहेबांनी स्वतः हार आणला होता. विश्वजीतनं सगळी हकीकत सांगितली, तीही रंगवून. मोजा आता डेपोच्या दारापर्यंत लोंबला होता! साहेब पोट धरून हसले.

"कायम केलं तुम्हाला! पुढच्या आठवड्यात टोप्यांचा माल येतोय. कापड का प्लास्टिक, हा वाद तिथंही निघणार म्हणतात."

"मी हाय की साहेब!"

"तुम्ही गाडी चालवा," साहेब हाराची गाठ सोडवत म्हणाले, "आणि हा हार तेवढा आईंना नेऊन द्या. टोप्यांच्या वेळी त्यांनाच घेऊन जा."